गावदेवीचे तीन पंखे

आमच्या गावदेवीच्या देवळात तीन पंखे आहेत. ते तिथे कसे आले याविषयी गावात ज्या हकिकती सांगितल्या जातात, त्या सर्व चुकीच्या आहेत. माझा धाकटा भाऊ सांगतो की मी सुनेला पढवून तिच्याकडून देवीचे सोंग करवले आणि आमच्या सामाईक जमिनीवर होणारे गोदाम अडवले. आळीतल्या बायका सांगतात की देवी खरोखर सुनेच्या अंगात येत होती, पण मी तिला डॉक्टरिणीकडे नेले आणि औषध देऊन देवीला हाकलून लावले. माझा मुलगा अलीकडे सांगू लागला आहे की बायकोचे दुखणे त्याने फार आधी ओळखले होते. या तिघांपैकी कोणीही माझ्याजवळ बसून नेमके काय घडले ते विचारलेले नाही. मी भिवंडीच्या न्यायालयात कारकून म्हणून हयात घालवली. फार ठामपणे बोलणाऱ्या साक्षीदाराकडे जरा बारकाईने पाहावे, ही सवय मला तिथे लागली. वाचकाने तीच सवय माझ्या बाबतीत वापरावी, माझी हरकत नाही.

सासऱ्याने सुनेच्या शरीराविषयी लिहू नये, असे कोणी म्हणेल. सारा गाव त्या शरीराविषयी बोलत होता तेव्हा ही मर्यादा कोणाला आठवली नव्हती. शिवाय हा मजकूर सुनेने वाचला आहे, काही ठिकाणी खोडला आहे, आणि मगच पुढे जाऊ दिला आहे.

आमचे घर काल्हेर आणि दापोडे यांच्या मधल्या रस्त्यावर आहे. पुढच्या भागात मुलगा आणि सून, दोघेही आता पन्नाशीकडे झुकलेले, खानावळ चालवतात. गोदामांतले हमाल आणि ट्रकचालक तिथे जेवतात. घरामागे आम्हा दोघा भावांच्या नावावर असलेली जमीन आहे. पूर्वी तिथे भात होत असे, आता गवत वाढते. तिच्या तिन्ही बाजूंना गोदामांचे पत्रे उभे राहिले आहेत. चौथी बाजू खाडीकडे उघडी आहे आणि संध्याकाळी तिकडून वारा येतो. गोदाम बांधणाऱ्या एका माणसाला ही सगळी जमीन हवी होती. भाऊ द्यायला तयार होता. मी होकारही दिला नव्हता आणि नकारही दिला नव्हता. घाईत असलेल्या माणसाला थांबवून पाहावे, म्हणजे त्याची घाई कशासाठी आहे ते कळते, असा माझा अनुभव आहे.

अशा दिवसांत नवरात्र आले. देवळातल्या आरतीला मी मागच्या खांबाशी उभा होतो. ढोल वाजत होता, धूप दाटला होता, गाभाऱ्याचे दार लोटलेले होते. बायकांच्या घोळक्यात एकदम हालचाल झाली. सुनेने डोक्यावरचा पदर ओढून काढला होता. तिचा चेहरा आणि गळा लालबुंद झाला होता, कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि हात थरथरत होते. कोणीतरी तिच्या कपाळावर मळवट भरला. कोणीतरी कडुलिंबाचा डहाळा तिच्या हातात दिला. माझा भाऊ पुढे सरसावला आणि त्याने धुपाटणे थेट तिच्या तोंडासमोर धरले.

"आये, कोन हायस तू? काय पायजे तुला?" त्याने विचारले.

सून डोळे मिटूनच म्हणाली, "पंखा लावा."

देवळात पंखा नव्हता. मात्र देवीने प्रथमच काही मागितले, अशी सर्वांची खात्री झाली. आठवडा उलटायच्या आत तीन पंखे आले. पुढच्या वेळी तिने "दार उघडा" म्हटले, तेव्हापासून आरतीच्या वेळी गाभाऱ्याचे दार सताड उघडे राहू लागले. त्यानंतरच्या वेळी तिने "लांब व्हा" म्हटले. तेव्हा माझ्या भावाने सगळ्यांना हात जोडून मागे सारले आणि स्वतः धुपाटणे घेऊन तिथेच उभा राहिला.

मी या प्रकारावर विश्वास ठेवला नाही. हे माझ्या शहाणपणाचे लक्षण आहे असा माझा दावा नाही, कारण मी पुढचा जो निष्कर्ष काढला तोही तितकाच निराधार होता. मला वाटले, हे भावाने रचले आहे. आधी देवीकडून पंख्यासारख्या निरुपद्रवी मागण्या करवायच्या, लोकांची श्रद्धा पक्की करायची, आणि मग एके दिवशी जमिनीचा प्रश्न घालून हवे ते उत्तर वदवून घ्यायचे. भावाची बायको दर मंगळवारी दुपारी खानावळीच्या मागल्या दाराने येत असे आणि सुनेशी खालच्या आवाजात बोलत असे. मी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसत असे. मी आत गेलो की त्या गप्प होत. याहून अधिक पुरावा मला त्या वेळी लागला नाही.

बायकांनी आता सुनेला नियम घालून दिले. मंगळवारी तिने निरंकार उपास करायचा, पाणीही प्यायचे नाही, संध्याकाळी देवळात बसायचे. आणि गोळी-औषध काही घ्यायचे नाही, कारण देवीच्या तापावर औषध घेणे म्हणजे देवीचा अपमान. सून उपास करी आणि त्याच दिवशी पेटलेल्या शेगड्यांपुढे उभी राहून हमालांसाठी भाकऱ्याही थापी. एका मंगळवारी तव्यापुढेच तिला भोवळ आली. मुलाने तिला सावरले. मी दारातून पाहिले आणि मनात म्हटले, सोंग चांगले वठले आहे.

मग भावाने तो प्रश्न घातला. देवळात गर्दी होती. गोदाम बांधणारा माणूस बूट हातात घेऊन पायरीवर उभा होता. सुनेचा चेहरा लाल होऊ लागला तसा भाऊ तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"आये, मागली जागा गोदामाला देऊ का? तू बोल. तू बोलशील तसाच व्हील."

मी खांबाला धरून उभा होतो. आता होकार येणार, आणि मग मी पुढे होऊन हे सारे उघडे पाडणार, असे मी ठरवले होते. पहिले वाक्यही जुळवून ठेवले होते.

"न्हाय," सून म्हणाली. "ती जागा द्यायची न्हाय. वारा बंद होईल."

भावाच्या हातातले धुपाटणे कलले आणि निखारे फरशीवर पडले. त्याने देवीकडे पाहिले नाही, सुनेकडे पाहिले नाही. तो वळून थेट माझ्याकडे पाहू लागला. त्याच क्षणी त्याच्या मनात जी हकिकत तयार झाली, तीच तो आजतागायत सांगत आहे.

देवळाबाहेर त्याने मला गाठले. "दादूस, झ्याक शिकवलंस सुनंला."

"मी शिकवले? पढवणी तुझ्या घरून येते, मंगळवारी दुपारी."

"माझी बायको तुझ्या सुनंला इचाराला येते, आंग कशानं जळतं म्हनून. तिचंबी जळतं. तू कोर्टात र्‍हालास ना, तुला सगलीकरं चोरच दिसतात."

त्याचे हे उत्तर मी त्या वेळी खोटे मानले. पुढे ते खरे ठरले, हे मी इथे नोंदवतो, कारण नोंद अर्धवट ठेवणे माझ्या स्वभावात नाही. मात्र त्याच्या हकिकतीतली एवढीच एक गोष्ट खरी आहे.

आता माझी पंचाईत झाली. भावाने पढवले नव्हते, मी पढवले नव्हते, आणि देवी खाडीवरच्या वाऱ्याची चिंता करील हे मला पटत नव्हते. तेव्हा उरली सून. ती हे सारे कोणासाठी करते आहे, हे शोधायचे मी ठरवले. मी तिच्यावर लक्ष ठेवू लागलो. दुपारी जेवणारे उठून गेले की ती कोठीघरात जाई आणि दार ओढून घेई. तिथे आमचा मोठा डीप फ्रीझर आहे, मासळी आणि बर्फ ठेवण्याचा. झाकण उघडल्याचा आवाज येई, आणि ते बंद झाल्याचा आवाज बराच वेळ येत नसे. तिथे ती काहीतरी लपवते, याविषयी मला शंका राहिली नाही.

एका दुपारी मी दार ढकलले. सून फ्रीझरवर ओणवी झाली होती. पदर खांद्यावरून खाली आला होता आणि तिने बर्फाच्या पिशवीवर गाल टेकला होता. बांगड्यांवर वाफ साचली होती. मला पाहून ती दचकली नाही. तिने पदर सावरला, पण गाल उचलला नाही.

"काय लपवले आहेस इथे?" मी विचारले.

"मीच लपलेय, बाबा."

मी उभा राहिलो. तिच्या मानेवर लाल चट्टे उमटलेले दिसत होते. तिथे ढोल नव्हता, धूप नव्हता आणि पाहायला कोणी नव्हते. सोंग घेणाऱ्याला प्रेक्षक लागतो. माझ्या सर्व संशयाला इथे एकदम खीळ बसली.

"हे असे केव्हापासून होते?"

"पाळी गेल्यापासून. आधी कमी व्हायचं. शेगडीपुढे असले की सगले म्हनायचे, शेगडीचा ताप. देवलात झालं तर म्हनले, देवी. रात्री झोपेत होतं, चादर भिजते, तेव्हा कोन काय म्हननार? तेव्हा कोनी बघत न्हाय."

"मग तू सांगितले का नाहीस?"

"कोनाला?" तिने सरळ माझ्याकडे पाहिले. "तुमाला?"

मी फ्रीझरचे झाकण धरून ठेवले, म्हणजे तिचे दोन्ही हात मोकळे राहतील.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला म्हटले, हिला डॉक्टरकडे ने. तो म्हणाला, मंगळवार होऊन जाऊ दे, लोक नावे ठेवतील. मुलाच्या हकिकतीचे मूल्यमापन वाचकाने या वाक्यावरून करावे. मी रिक्षा बोलावली आणि सुनेला घेऊन भिवंडीतल्या निजामपुऱ्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांचा दवाखाना लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गल्लीत वरच्या मजल्यावर आहे. खालच्या यंत्रांच्या खडखडाटाने टेबलावरचे पेन हळूहळू कडेला सरकत जाते आणि बाई ते न पाहता मागे ओढतात.

त्यांनी सुनेला आत नेऊन तपासले. नंतर सुनेच्या संमतीने मलाही आत बोलावले. हा ताप मेंदूतून येतो, असे त्या म्हणाल्या. मला हे उत्तर आवडले नाही. आमच्याकडे बाईच्या दुखण्याला 'मनाचे खेळ' म्हणून वाटेला लावण्याची जुनी रीत आहे, आणि तीच इथे सुशिक्षित वेषात आली आहे, असा मला संशय आला.

"पाळीचा मेंदूशी काय संबंध?" मी विचारले.

बाई चिडल्या नाहीत. बीजांडकोशात इस्ट्रोजेन तयार होते आणि रक्तातून मेंदूतही पोहोचते, असे त्यांनी सांगितले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तिथल्या काही पेशी एक संदेशद्रव्य बनवतात. ते बनवण्याची कृती त्या पेशींतल्या एका जनुकात असते. त्या संदेशावरून पुढच्या पेशी चेततात, त्या पिट्यूटरी ग्रंथीला हुकूम देतात, आणि तिथून बीजांडकोशाला हुकूम जातो. इस्ट्रोजेन या पेशींत शिरून त्या जनुकाचे काम दाबून धरते.

"म्हणजे खालची कचेरी वरच्या कचेरीला कळवते की पुरे झाले, आणखी हुकूम पाठवू नका?"

"अगदी तसंच. पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन कमी होतं, आणि ते 'पुरे' कळवणारं कोणी उरत नाही. जनुकावरचा दाब सुटतो. त्या पेशी फुगतात आणि हुकमावर हुकूम सोडत राहतात. खाली ते ऐकणारं कोणी नसतं."

"मग घाम कशाचा?"

"जवळच अंगाचं तापमान सांभाळणाऱ्या पेशी आहेत. हा गलबला त्यांच्यापर्यंत जातो. त्यांना वाटतं, अंग फार तापलंय, गार करायला हवं. मग चेहरा लाल, घाम, छातीत धडधड. ही बाई काही मनातून आणत नाही."

मी विचारले, हे आपण स्वतः पाहिले आहे काय. त्या म्हणाल्या की नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले गेले, तेव्हा त्या पेशी फुगलेल्या आढळल्या. जनुक कसे दाबले जाते हे बरेचसे उंदरांवरून कळले आहे. आणि मग, मी विचारले नसताना, त्यांनी स्वतःच्याच म्हणण्याला अडचणीची ठरेल अशी गोष्ट सांगितली. उंदरांच्या मेंदूत दुसऱ्या एका जागी हेच इस्ट्रोजेन तेच जनुक दाबत नाही, उलट चेतवते, आणि त्यातूनच बीज सुटण्याचा हुकूम निघतो. स्त्रियांमध्ये हे नेमके कुठे घडते यावर अजून एकमत नाही.

"एकच साक्षीदार दोन ठिकाणी दोन उलट जबान्या देतो, आणि त्या दोन्ही खऱ्या मानायच्या?"

"पेशी वेगळ्या आहेत, आजोबा. एकच माणूस घरात एक बोलतो नि कचेरीत दुसरं बोलतो, असं तुम्ही पाहिलं नाही कधी?"

सून हसली. बऱ्याच महिन्यांनी मी तिचे हसणे ऐकले. मी मात्र डॉक्टरीणबाईंच्या विनोदाने विरघळलो नव्हतो. माझा संशय शमला तो त्यांनी ठाऊक असलेले आणि ठाऊक नसलेले वेगळे करून सांगितल्यामुळे. जबानीत असे क्वचितच घडते. त्यांनी आणखी तपासण्या लिहून दिल्या, घराण्यात कोणाला स्तनाचा कर्करोग होता का ते विचारले, आणि अहवाल ठीक आले तर इस्ट्रोजेन आणि गर्भाशयाच्या रक्षणासाठी त्याच्या जोडीला दुसरे संप्रेरक देता येईल, असे सांगितले. उपासाविषयी कळताच त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "पाणीसुद्धा नाही? हे आजच्या आज बंद."

परतताना रिक्षा अंजूरफाट्याकडच्या वाहतुकीत अडकली. दोन्ही बाजूंना ट्रक होते आणि रिक्षात हवा शिरत नव्हती. सून पदराने वारा घेत होती. माझ्या मनात एक शंका राहिली होती, ती मी विचारली.

"ताप खरा होता, हे मी मान्य करतो. पण वारा बंद होईल, हे कोण बोलले?"

"मी."

"म्हणजे लोकांना वाटले देवी, आणि तू ते तसेच चालू दिलेस. याला फसवणूक म्हणतात."

"मना इचारलं, मी सांगितलं. कोनाला इचारलं, ते त्यांनी ठरवलं." तिने पदराने वारा घेणे थांबवले. "बाबा, रात्री आंग पेटलं की मी मागल्या दारात जाऊन बसते. खाडीवरनं वारा येतो, तेवढाच मना झोपवतो. तिथं पत्रा उभा र्‍हायला तर मी कुठं जाऊ? घरात एवढे दिवस जमिनीचं बोलनं चाललं, मना एकदा तरी कोनी इचारलं का?"

 

अहवाल ठीक आले, औषध सुरू झाले. काही आठवड्यांत रात्रीची चादर कोरडी राहू लागली. मंगळवारी ती देवळात गेली, पंख्याखाली बसली, आरती झाली आणि काहीही घडले नाही. बायका तिच्याकडे आशेने पाहत राहिल्या. एकीने तर, काय चुकलं माकलं, म्हणून तिच्या पाया पडून क्षमा मागितली. सून म्हणाली, मी औषध घेते, मला पाळी गेल्याचा त्रास होता. तेव्हापासून मी देवीचा शत्रू ठरलो. देवीशी माझे काही भांडण नाही. तिच्या तोंडासमोर धुपाटणे धरणाऱ्याशी आहे.

देवीने तोंड मिटले असे समजून भावाने पुन्हा उचल खाल्ली. आमच्या ओटीवर बैठक बसली: भाऊ, त्याची बायको, माझा मुलगा, सून आणि मी. भावाने कागद पुढे ठेवला आणि म्हणाला की देवीचा शब्द आता राहिला नाही, कारण ती देवीच नव्हती, हे दादूसनेच डॉक्टर करून सिद्ध केले आहे.

मी खुलासा करू लागलो. जनुक, दाब, फुगलेल्या पेशी हे सारे क्रमाने सांगत होतो. भाऊ गुडघ्यावर हात मारून हसला.

"म्हंजे देवीला उठवून तिच्या पाटावर तू मेंदू बसवलास. आता आरती मेंदूची करायची काय रं, दादूस?"

मुलगाही हसला. मला उत्तर सुचत होते आणि ते बोचरेही होते. पण सून मध्ये बोलली. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, डोक्यावर पदर होता, चेहरा कोरडा होता.

"काका, आता मना घाम न्हाय आलेला. आंग न्हाय तापलेलं. आता इचारा."

भावाने तिच्याकडे पाहिले. मग माझ्या मुलाकडे पाहिले, मग कागदाकडे. त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसले. "इचारा ना," ती म्हणाली. गुडघ्यांवर बसून जिला त्याने हात जोडले होते, तिला तो ओटीवर एक साधा प्रश्न विचारू शकला नाही. त्याने तंबाखू काढली आणि मळत बसला.

तेव्हा तो प्रश्न मी विचारला. आवाज मी कचेरीतला वापरला, म्हणजे पुढे कोणी ऐकले नाही असे म्हणू नये.

"मागली जागा गोदामाला द्यावी काय?"

"न्हाय."

"कारण?"

"मागच्या वेळी सांगितलं तेच."

मी कागद घडी घालून भावाकडे परत केला. सही केली नाही. भाऊ उठताना म्हणाला, "बगा, समोरासमोर पढवलं." त्याची हकिकत तेव्हा पुरी झाली आणि गावाला ती सोपी वाटली, कारण तिच्यात एक म्हातारा कारस्थानी आहे आणि सुनेला स्वतःची बुद्धी नाही.

पुढे भावाने जमिनीची वाटणी मागितली. त्याच्या वाट्यावर आता पत्र्याचे गोदाम उभे आहे आणि खाडीची निम्मी बाजू त्याने झाकली आहे. उरलेल्या निम्म्या बाजूने वारा येतो, पूर्वीपेक्षा कमी. संध्याकाळी सून मागल्या दारात खुर्ची टाकून बसते. भावाची बायको हल्ली गोदामाला वळसा घालून येते आणि तिच्या शेजारी बसते. मी पुढच्या खोलीत असतो. त्या काय बोलतात ते मला ऐकू येते, कारण आता त्या आवाज खाली करत नाहीत.